गेल्युसाइट

खनिज. स्फटिक एकनताक्ष, लांबट, चपटे व पाचरीसारखे निमुळते. पाटन : (११०) उत्कृष्ट. भंजन शंखाभ. अतिशय ठिसूळ. कठिनता २·५–३. वि. गु. सु. १·९९. चमक काचेसारखी. रंगहीन, पांढरे, करडसर वा पिवळसर. कस पांढरा. पारदर्शक ते पारभासी. रा. सं. सोडियम व कॅल्शियम यांचे सजल (पाण्याचे रेणू असलेले) दुहेरी कार्बोनेट. याच्या सूत्रात सोडियमाचे दोन व कॅल्शियमाचा एक अणू, कार्बोनेटाचे दोन गट आणि पाण्याचे पाच रेणू असतात. वजनाच्या दृष्टीने यात सोडियम कार्बोनेट सु. ३५·८%, कॅल्शियम कार्बोनेट सु. ३३·८% व पाणी सु. ३०·४% असते.

कार्बोनेटी खनिजांपैकी कॅल्साइट व डोलोमाइट यांचे डोंगरच्या डोंगर आढळतात. गेल्युसाइट मात्र जगातील मोजक्या सोडा सरोवरांच्या तळच्या चिखलात किंवा अशा सरोवरांच्या जुन्या निक्षेपांतच मिळते. त्याला धातुक (कच्च्या रूपातील धातू) म्हणून किंमत नाही, ते रत्न म्हणून वापरता येत नाही आणि उघड्या हवेत ठेवल्यास ते हळूहळू नाश पावते. असे असूनही भूवैज्ञानिकांना त्याचे महत्त्व वाटते, कारण ते तयार होण्यासाठी पाण्याची एक विशिष्ट अवस्था लागते. सरोवरात येणारे पाणी कमी होऊन बाष्पीभवनाने लवणांचे प्रमाण एका ठराविक मर्यादेपलीकडे वाढल्याशिवाय हे खनिज तयार होत नाही. त्यामुळे गाळाच्या ज्या थरात त्याचे स्फटिक असतात, तो थर जुन्या अवर्षणाची नोंद ठरू शकतो. महाराष्ट्रातील लोणार सरोवराच्या गाळात अशी नोंद मिळाली आहे.

नाव व इतिहास : या खनिजाचे वर्णन प्रथम फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ झां बातीस्त बूसँगो यांनी १८२६ मध्ये केले. व्हेनेझुएलातील मेरिदा शहराजवळच्या लागुनियास या गावी एक लहान क्षारीय सरोवर आहे. त्याच्या तळाशी सोडियमाच्या कार्बोनेट व बायकार्बोनेट यांनी बनलेल्या ट्रोना या खनिजाचा थर असून स्थानिक लोक त्याला ‘उराओ’ म्हणतात. तंबाखूचा काढा आटवून केलेल्या ‘चिमो’ नावाच्या चघळण्याच्या पदार्थात उराओ मिसळण्याची तेथे जुनी प्रथा आहे. आपल्याकडे तंबाखूबरोबर चुना घेतात, त्यासारखाच हा प्रकार होय. उराओच्या थरावरील मातीत लांबट, टोकदार स्फटिक विखुरलेले असत. त्यांच्या आकारावरून त्यांना तेथील लोक ‘क्लाव्होस’ म्हणजे खिळे म्हणत. बूसँगो यांनी या खिळ्यांचे विश्लेषण केले, तेव्हा ते सोडियम व कॅल्शियम या दोहोंचे कार्बोनेट असलेले एक नवे खनिज असल्याचे दिसून आले. वायूंच्या संयोगी घनफळांच्या नियमासाठी प्रसिद्ध असलेले फ्रेंच शास्त्रज्ञ झोझेफ ल्वी गे-ल्युसाक (१७७८–१८५०) यांच्या सन्मानार्थ या खनिजाला गेल्युसाइट हे नाव देण्यात आले.

गुणधर्म : गेल्युसाइटाचे ताजे स्फटिक काचेसारखे स्वच्छ असतात. कॅल्साइटाचे वि. गु. २·७१ असल्याने त्याच्या तुलनेत गेल्युसाइट हाताला स्पष्टपणे हलके लागते. त्याच्या वजनाचा जवळजवळ एकतृतीयांश भाग पाण्याचा असतो, हे या हलकेपणाचे मुख्य कारण आहे. कठिनता कमी असल्याने चाकूने त्यावर सहज ओरखडा उठतो आणि ठिसूळपणामुळे मोठे स्फटिक चिखलातून अखंड काढणे कठीण जाते. प्रकाशीय दृष्ट्या ते द्विअक्षीय व ऋण आहे. त्याचे प्रणमनांक (प्रकाशाचा वेग माध्यमात किती कमी होतो हे दर्शविणारे अंक) १·४४४, १·५१६ व १·५२३ असे आहेत. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान प्रणमनांकांतील फरक सु. ०·०८ इतका मोठा असल्याने सूक्ष्मदर्शकाखाली ध्रुवित प्रकाशात पातळ छेदांमध्ये ते ओळखता येते. तथापि बारीक गाळात मिसळलेल्या कणांची निश्चित ओळख क्ष-किरण विवर्तनानेच पटते.

गेल्युसाइट आणि पिर्सोनाइट या दोहोंची संरचना १९६९ मध्ये कृत्रिम स्फटिकांचा क्ष-किरणांनी अभ्यास करून निश्चित करण्यात आली. तीनुसार गेल्युसाइटातील पाणी हे भेगांत शिरलेले पाणी नसून स्फटिकाच्या चौकटीचाच घटक आहे. ते निघून गेले की चौकट ढासळते. म्हणूनच कोरड्या हवेत स्फटिकाचा पृष्ठभाग प्रथम धूसर होतो, नंतर त्यावर पांढरा, पिठूळ थर येतो आणि अखेरीस मूळ आकाराचा केवळ ठिसूळ सांगाडा उरतो. संग्रहालयांत याचे नमुने हवाबंद पात्रांत ठेवण्याचे कारण हेच आहे. तापविल्यास पाणी लवकर निघून जाते. ज्योतीत ते सहज वितळते व ज्योतीला सोडियमाचा गडद पिवळा रंग येतो.

पाण्याशी होणारी याची विक्रिया वैशिष्ट्यपूर्ण आहे. गोड्या पाण्यात गेल्युसाइट सबंध विरघळत नाही. त्यातील सोडियम कार्बोनेट विरघळून जाते व कॅल्शियम कार्बोनेट मागे राहते. अम्लांत मात्र ते फसफसून पूर्णपणे विरघळते. सरोवराच्या गाळातून काढलेला नमुना गोड्या पाण्याने धुतल्यास जो पुरावा पाहावयाचा तोच अंशतः नष्ट होतो. त्यामुळे अशा गाळाचे नमुने हाताळताना विशेष काळजी घ्यावी लागते.

सजातीय खनिजे : सोडियम व कॅल्शियम यांची दुहेरी कार्बोनेटे निसर्गात थोडीच आहेत. पिर्सोनाइटात गेल्युसाइटाचेच घटक असतात, परंतु पाण्याचे रेणू पाचाऐवजी दोन असतात व त्याचे स्फटिक समचतुर्भुजी असतात. न्येरेरेआइट या खनिजात पाणी मुळीच नसते. ते टांझानियातील ओल्डोइन्यो लेंगाई या ज्वालामुखीच्या सोडायुक्त लाव्ह्यात आढळते व टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्यूलिअस न्येरेरे यांच्यावरून त्याला नाव मिळाले आहे. शॉर्टाइट हेही निर्जल असून अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील ग्रीन रिव्हर या प्राचीन सरोवरी निक्षेपांत मिळते. यांपैकी गेल्युसाइट व पिर्सोनाइट ही दोन खनिजे पुष्कळदा एकाच सरोवराच्या गाळात आढळतात. तापमान सु. ४०° से.पेक्षा कमी असेल, तर सोडियम कार्बोनेटाच्या विद्रावातून सामान्यतः गेल्युसाइट तयार होते. त्याहून अधिक तापमानाला पिर्सोनाइट स्थिर असते. पाण्यात इतर लवणे फार झाल्यास मात्र ही मर्यादा खाली येते व कमी तापमानालाही पिर्सोनाइट बनू शकते. त्यामुळे या दोहोंपैकी कोणते खनिज आहे, यावरून जुन्या सरोवरातील पाण्याचे तापमान व तीव्रता यांचा अंदाज बांधता येतो.

निर्मिती : हे खनिज दुर्मिळ का, याचे उत्तर त्याच्या घटकांत नसून ते एकत्र येण्याच्या अडचणीत आहे. सोडियम, कॅल्शियम, कार्बन व पाणी यांपैकी काहीच दुर्मिळ नाही. पावसाचे पाणी हवेतील व जमिनीतील कार्बन डाय-ऑक्साइड घेऊन किंचित अम्लधर्मी होते आणि खडकांतील फेल्स्पारासारख्या खनिजांवर विक्रिया करून त्यांतील सोडियम व कॅल्शियम बायकार्बोनेटांच्या रूपात वाहून नेते. हे पाणी समुद्राकडे न जाता बाहेर वाट नसलेल्या बंदिस्त द्रोणीत साचले, तर बाष्पीभवनाने ते तीव्र होत जाते. त्यातून प्रथम बाहेर पडते ते कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे कॅल्साइट किंवा ॲरॅगोनाइट. येथून पुढे पाण्याला दोन मार्ग असतात. कॅल्शियमाचे तुल्य प्रमाण कार्बोनेटांपेक्षा जास्त असेल, तर कार्बोनेट संपते व कॅल्शियम उरते; अशा पाण्यातून पुढे जिप्सम तयार होते. उलट कार्बोनेटांचे प्रमाण थोडे जरी जास्त असेल, तरी कॅल्शियम जवळजवळ संपते आणि सोडियम कार्बोनेटाचे क्षारीय पाणी, म्हणजेच सोडा सरोवर, बनते. बंदिस्त द्रोणींतील पाण्याच्या उत्क्रांतीची ही उपपत्ती लॉरेन्स हार्डी व हान्स ऑयग्स्टर यांनी १९७० मध्ये मांडली.

म्हणजे ज्या पाण्यात कॅल्शियम विपुल असते तेथे सोडा नसतो आणि जेथे सोडा विपुल असतो तेथे कॅल्शियम उरत नाही. गेल्युसाइटाला तर दोन्ही लागतात. ही कोंडी मुख्यतः दोन प्रकारे सुटते. एक म्हणजे कॅल्शियमयुक्त झऱ्याचे वा ओढ्याचे ताजे पाणी तीव्र सोडायुक्त पाण्यात मिसळते. दुसऱ्या प्रकारात पूर्वी तळाशी बसलेले कॅल्साइट किंवा ॲरॅगोनाइट हेच कॅल्शियमाचा साठा म्हणून उपयोगी पडते. चिखलाच्या छिद्रांत मुरलेले पाणी पुरेसे तीव्र झाले की, त्यातील सोडियम व कार्बोनेट यांची या कणांवर विक्रिया होते आणि गेल्युसाइटाचे स्फटिक वाढू लागतात. प्रयोगशाळेतही सोडियम कार्बोनेटाच्या तीव्र विद्रावात कॅल्शियम कार्बोनेटाची पूड दीर्घकाळ ठेवली, तर गेल्युसाइट मिळते. चिखलात स्फटिकाला सर्व बाजूंनी वाढण्यास वाव मिळत असल्याने त्याचे फलक सुबक व पूर्ण असतात.

यावरून गेल्युसाइटाची जागा निश्चित होते. सरोवर आटत जाताना कॅल्साइटानंतर व ट्रोनाच्या आधी ते येते. ट्रोनाचा थर सरोवर जवळजवळ सुकल्याचे दर्शवितो. गेल्युसाइट त्याअगोदरची, म्हणजे पाणी बरेच घटले पण चिखल ओला राहिला, अशी अवस्था दर्शविते. पुढे गोडे पाणी भरपूर आले व ते चिखलात मुरले, तर तयार झालेले स्फटिक पुन्हा विघटित होऊन त्यांच्या जागी कॅल्साइट उरते. वरचा थर घट्ट असेल व छिद्रांतील पाणी क्षारीय राहिले, तरच ते हजारो वर्षे टिकतात.

आढळ : लागुनियासखेरीज याचे सर्वाधिक परिचित आढळ अमेरिकेच्या पश्चिम भागातील कोरड्या प्रदेशात आहेत. कॅलिफोर्नियातील सर्ल्स लेक या सुकलेल्या सरोवराखाली लवणांचे व चिखलाचे थर एकाआड एक आहेत. लवणांच्या थरांतून ट्रोना व बोरॅक्स काढतात, तर चिखलाच्या थरांत गेल्युसाइट व पिर्सोनाइट विखुरलेले आढळतात. त्याच राज्यातील डीप स्प्रिंग लेक येथेही गेल्युसाइट मिळते. आफ्रिकेत केन्यातील आंबोसेली सरोवराच्या निक्षेपांतून त्याची नोंद झाली आहे.

नेव्हाडा राज्यातील फॅलन गावाजवळची सोडा सरोवरे एकोणिसाव्या शतकापासून याच्या सुंदर स्फटिकांसाठी ज्ञात होती व तेथे सोडा काढण्याचा उद्योग चाले. विसाव्या शतकाच्या आरंभी परिसरात कालव्यांचे सिंचन सुरू झाले, भूजलाची पातळी वाढली आणि १९३० च्या सुमारास मोठ्या सरोवराचे पाणी सु. १८ मी. चढून सोडा काढण्याच्या जागा बुडाल्या.

याच्या नेमका उलट प्रकार कॅलिफोर्नियातील मोनो सरोवरात घडला. त्याला मिळणारे ओढे १९४१ पासून लॉस अँजेल्स शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी वळविण्यात आले. परिणामी १९८२ पर्यंत सरोवराची पातळी सु. १४ मी. खाली गेली व लवणता जवळजवळ दुप्पट झाली. सरोवराच्या तळाशी वाढत असलेल्या गेल्युसाइटाच्या स्फटिकांचे वर्णन १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. लवणता लिटरमागे सु. ८० ग्रॅ. च्या पुढे गेल्यावर, म्हणजे १९७० च्या सुमारास, सरोवराने या खनिजाची मर्यादा ओलांडली असावी, असा निष्कर्ष त्यात काढण्यात आला. पाणी तोडल्यापासून तीसेक वर्षांत एका सरोवराच्या तळाशी नवे खनिज तयार होऊ लागणे, ही माणसाच्या कृतीने घडलेली भूवैज्ञानिक घटनाच होय. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या जलनियंत्रण मंडळाने सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून सु. १,९४८ मी. पर्यंत पुन्हा वाढू द्यावी, असा आदेश दिला. २०२४ अखेरपर्यंत ती पातळी गाठली गेली नव्हती.

लोणार येथील गेल्युसाइट : बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर दख्खनच्या बेसाल्ट खडकात उल्काघाताने निर्माण झालेल्या विवरात आहे. या विवराचा व्यास सु. १·८ किमी. आहे. १९७३ मध्ये येथील खडकांत तीव्र आघाताने बनलेली काच आढळल्याने त्याचे उल्काघाती स्वरूप सिद्ध झाले. विवराला पाणी बाहेर जाण्याची वाट नाही. काठावरील झरे, पावसाळी ओहोळ व प्रत्यक्ष पाऊस यांतून पाणी येते आणि ते मुख्यतः बाष्पीभवनानेच कमी होते. बेसाल्टाच्या अपक्षयातून येणारे सोडियम व बायकार्बोनेट वर्षानुवर्षे साचल्याने पाणी तीव्र क्षारीय असून त्याचे पीएच मूल्य १० च्या आसपास असते. येथील क्षाराची ख्याती जुनी आहे. आईन-इ-अकबरी या ग्रंथात या परिसरात काच व साबण करण्याचे साहित्य मिळत असल्याचा उल्लेख आहे. काठावर जमणाऱ्या क्षाराचे प्रकार दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशा नावांनी ओळखले जात. ही नावे सोडियमाच्या लवणांची आहेत. गेल्युसाइट मात्र काठावर दिसत नाही, ते तळच्या गाळात दडलेले आहे.

जर्मनीतील पॉट्सडॅम येथील भूविज्ञान संशोधन केंद्र व नवी मुंबई येथील भारतीय भूचुंबकत्व संस्था यांच्या वैज्ञानिकांनी सरोवराच्या तळातून सु. १० मी. लांबीचा गाळाचा गाभा (नळीने काढलेला सलग उभा नमुना) काढून त्याचा अभ्यास केला. त्यात होलोसीन काळाचा, म्हणजे सुमारे गेल्या ११ हजार वर्षांचा, इतिहास सलग साठलेला आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कॅल्साइट किंवा ॲरॅगोनाइट संपूर्ण गाभ्यात कमीअधिक प्रमाणात आढळते. परंतु गेल्युसाइट केवळ दोन पट्ट्यांत आहे. १९५० हे वर्ष आधार धरल्यास पहिला पट्टा ४,६३० ते ३,८९० वर्षांपूर्वीचा व दुसरा २,०४० ते ५६० वर्षांपूर्वीचा आहे. प्रचलित कालगणनेत हे कालखंड अनुक्रमे इ. स. पू. सु. २६८० ते १९४० व इ. स. पू. सु. ९० ते इ. स. सु. १३९० असे येतात.

स्फटिकांतील ऑक्सिजनाच्या समस्थानिकांनी (अणुक्रमांक तोच पण अणुभार भिन्न असलेल्या प्रकारांनी) या निष्कर्षाला दुजोरा दिला. पाण्याची वाफ होताना हलका ऑक्सिजन अधिक प्रमाणात निघून जातो व जड ऑक्सिजन मागे राहतो. लोणारच्या गेल्युसाइटात व त्याच्याबरोबरच्या कॅल्साइटात जड ऑक्सिजनाचे प्रमाण मुख्यतः बाष्पीभवनानेच वाढल्याचे दिसून आले. कार्बनाच्या समस्थानिकांवर मात्र जैव क्रियांचाही परिणाम झालेला आहे. गेल्युसाइटाच्या बाबतीत काही पट्ट्यांत तळाशी मिथेन वायू निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवांचा प्रभाव जाणवतो. २०१४ मध्ये याच गाभ्याच्या अधिक व्यापक अभ्यासातून हे दोन कालखंड दीर्घकालीन दुर्बल मॉन्सूनचे असल्याचे मांडण्यात आले व त्यांचा संबंध हिंदी व पॅसिफिक महासागरांमधील उष्ण जलक्षेत्रात झालेल्या बदलांशी जोडण्यात आला.

पहिल्या कालखंडाला इतरत्रही आधार मिळतो. सु. ४,२०० वर्षांपूर्वी जगाच्या अनेक भागांत कोरडेपणा वाढला होता. होलोसीनच्या अखेरच्या विभागाची सुरुवात याच घटनेपासून धरतात. मेघालयातील मॉमलुह गुहेत छतावरून ठिबकणाऱ्या पाण्यातून साठलेल्या कॅल्साइटाच्या निक्षेपावरून ही सीमा ठरविण्यात आली व २०१८ मध्ये त्या विभागाला ‘मेघालयन’ हे नाव मिळाले. सिंधू संस्कृतीच्या नगरांचा ऱ्हास याच सुमारास सुरू झाला. मात्र त्याच्या कारणांत हवामानाचा वाटा किती, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. दुसऱ्या कालखंडात सातवाहनांपासून यादवांपर्यंतच्या राजवटी होऊन गेल्या व लोणारच्या परिसरातील प्रसिद्ध मंदिरेही याच कालखंडाच्या उत्तरार्धात उभी राहिली. म्हणून या पट्ट्याचा अर्थ जवळजवळ पंधराशे वर्षे अखंड दुष्काळ होता, असा घेता येत नाही. पावसाची दीर्घकालीन सरासरी कमी राहून सरोवर पुन्हापुन्हा गेल्युसाइटाच्या मर्यादेपलीकडे जात होते, एवढेच त्यावरून म्हणता येते. स्फटिक चिखलात, पृष्ठभागाच्या काहीसे खाली वाढत असल्याने ते ज्या थरात सापडतात त्यापेक्षा थोडे नंतरचे असू शकतात. त्यामुळे एखाद्या विशिष्ट वर्षी पडलेल्या दुष्काळाशी त्यांची सांगड घालणे योग्य नव्हे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस दख्खनेत पडलेला दुर्गादेवीचा दुष्काळ या पट्ट्याच्या शेवटाच्या जवळपास येत असला, तरी त्या दुष्काळाचा पुरावा म्हणून या स्फटिकांकडे बोट दाखविता येत नाही.

इ. स. सु. १३९० नंतरच्या थरांत गेल्युसाइट आढळलेले नाही. म्हणजे लिखित नोंदींतून परिचित असलेले गेल्या सहा शतकांतील मोठे दुष्काळही सरोवराला त्या मर्यादेपलीकडे नेऊन गाळात लक्षणीय स्फटिक निर्माण करण्याइतके दीर्घ नव्हते. या प्रदेशातील मॉन्सून नोंदींतून दिसतो त्यापेक्षा अधिक काळ दुर्बल राहू शकतो, हा या पट्ट्यांचा अर्थ पाण्याच्या नियोजनाच्या दृष्टीने गंभीर आहे. जून २०२० मध्ये पाणी घटून व लवणता वाढून सरोवर काही काळ गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत हा रंग लवणप्रिय सूक्ष्मजीवांमुळे आल्याचे दिसून आले. पाण्याच्या तीव्रतेतील लहानसा बदलही सरोवराचे रूप किती पालटू शकतो, हे त्यावरून लक्षात येते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर सूचीत करण्यात आला.

चुकीची ओळख : गेल्युसाइटावरून काढलेले निष्कर्ष खनिजाच्या अचूक ओळखीवर अवलंबून असतात. नेव्हाडातील लाहॉन्टन या लुप्त सरोवराच्या काठांवर थिनोलाइट नावाचे, मोठ्या टोकदार स्फटिकांच्या आकाराचे कॅल्साइट विपुल आहे. त्याची अंतर्रचना आकाराशी जुळत नसल्याने ते छद्मरूप, म्हणजे एका खनिजाच्या आकारात त्याची जागा घेऊन राहिलेले दुसरे खनिज आहे, हे उघड होते. मूळ खनिज गेल्युसाइट असावे, असे अमेरिकन भूवैज्ञानिक क्लॅरेन्स किंग यांनी १८७८ मध्ये सुचविले व त्यावरून सरोवर मोठ्या प्रमाणावर आटले होते असे अनुमान केले. एडवर्ड डेना यांनी १८८४ मध्ये स्फटिकांचे कोन मोजून हे मत अमान्य ठरविले. पण मूळ खनिज कोणते, हा प्रश्न तसाच राहिला. जर्मनीतील झांगरहाउझेन येथील बार्लीच्या दाण्यांसारखी छद्मरूपेही दीर्घकाळ गेल्युसाइटाचीच मानली जात होती.

पुढे १९६३ मध्ये ग्रीनलंडमधील इक्का या फ्योर्डच्या थंड पाण्यात कॅल्शियम कार्बोनेटाचे पाण्याचे सहा रेणू असलेले इकाइट हे खनिज सापडले. ते गोठणबिंदूच्या आसपासच्या तापमानालाच टिकते व पाणी किंचित कोमट होताच विघटित होऊन कॅल्साइट बनते. थिनोलाइट व झांगरहाउझेनची छद्मरूपे मूळची इकाइटाची होत, असे आता मानतात. म्हणजे जे अवशेष उष्ण व आटत्या सरोवराचा पुरावा समजले गेले, ते वास्तविक अतिशय थंड पाण्याचा पुरावा होते. खनिजाचे नाव चुकल्याने जलवायुमानाचा (दीर्घकालीन सरासरी हवामानाचा) निष्कर्ष उलटा झाला. म्हणून केवळ आकारावरून गेल्युसाइट ओळखणे धोक्याचे असते. लोणारच्या गाभ्यातील स्फटिक मूळ रूपात टिकले असल्याने त्यांच्या बाबतीत हा संशय उरत नाही आणि त्यामुळेच त्यांचे मोल अधिक आहे.

उपयोग : गेल्युसाइटाचा स्वतंत्र औद्योगिक उपयोग नाही. झोतभट्टीतील मळीत सोडियम कार्बोनेट मिसळून बनविलेल्या सिमेंटसदृश पदार्थांत ते घट्ट होण्याच्या आरंभीच्या काळात तात्पुरते तयार होते. त्यामुळे बांधकाम साहित्याच्या रसायनशास्त्रात त्याचा अभ्यास केला जातो. त्याचे खरे महत्त्व मात्र सोडा सरोवरांच्या गाळातून भूतकाळातील पर्जन्यमान, पाण्याची तीव्रता व तापमान यांचा अंदाज करण्यात आहे. सरोवराचा तळ खणला गेला, चिखल उपसला गेला किंवा त्यात गोडे वा सांडपाणी मुरत राहिले, तर ही नोंद पुसली जाते व ती पुन्हा मिळविता येत नाही. अशा सरोवरांचे संरक्षण करताना पाणी व जीवसृष्टी यांच्याबरोबर तळच्या गाळाचाही विचार करणे त्यामुळे आवश्यक ठरते.